घोडे शिकवणाऱ्या आणि गाव सांभाळणाऱ्या माणसाबद्दल शोकसभेत काय बोलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुमच्या लहान गावातले घोडे शिकवणारे ज्येष्ठ गृहस्थ नुकतेच गेले, गावाची निम्मी कामंही तेच बघायचे, आता शोकसभेत त्यांच्यावर बोलायचं आणि नंतर काहीतरी लिहून ठेवायचं काम तुमच्याकडे आलंय, आणि तुम्हाला घोड्यातलं फारसं कळत नाही, मग बोलायचं काय. मी उभं आयुष्य घोडे शिकवण्यात घालवलंय, असल्या माणसांच्या हाताखालीच शिकलो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना निरोपही दिलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

‘त्यांच्याशिवाय तो घोडा कुणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही’ हे वाक्य अशा सभेत हमखास येतं. बोलणारा मनापासून कौतुक म्हणूनच बोलतो, ऐकणाऱ्यांच्याही डोळ्यात पाणी येतं. पण माझी विनंती आहे की हे तुमच्या भाषणात घेऊ नका. एकाच माणसाला मानणारा घोडा त्या माणसामागे फार हाल काढतो. नालबंद आला तर पाय देत नाही, डॉक्टरला इंजेक्शन देऊ देत नाही, खरारा करायला कुणी जवळ जाऊ शकत नाही, मग लोक त्याला घाबरतात, घाबरून मारतात, आणि शेवटी तो मिळेल त्या किमतीला मिळेल त्या हातात जातो. चांगला ट्रेनर घोडा तयार करतो तो दुसऱ्यांसाठी. उद्या आपण नसलो तरी हा घोडा एखाद्या नवख्या पोराच्या हातात शहाण्यासारखा उभा राहिला पाहिजे, हे डोक्यात ठेवूनच तो पहिल्या दिवसापासून काम करत असतो. म्हणून त्यांच्या कामाबद्दल बोलायचं असेल तर ते नसताना त्यांचे घोडे कसे वागतायत ते आधी जाऊन बघा. गावातल्या कामाचंही तेच, त्यावर पुढे येतो.

तबेल्यात जा, पण एकटे जाऊ नका, तिथे रोज काम करणाऱ्या कुणाला तरी सोबत घ्या. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, दोन्ही डोळे मिळून साडेतीनशे अंशांपर्यंत, पण बरोबर शेपटीमागचं आणि कपाळासमोर अगदी जवळचं त्याला दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. मग सोबतच्या माणसाला सांगा की जरा पुढचा पाय उचलून दाखव. इथे नीट बघा, कारण माझ्या मते ट्रेनरची खरी सही याच जागी असते. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी, पाय दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे पळायची सोय दुसऱ्याच्या ताब्यात देणं. ज्याला नीट शिकवलंय तो घोडा हात खांद्यावरून खाली सरकायला लागला की आधी आपलं वजन बाकीच्या तीन पायांवर घेतो आणि हात गुडघ्याच्या खाली पोचेपर्यंत खूर हलका करून ठेवलेला असतो, ओढावा लागत नाही. घाईघाईत शिकवलेला घोडा पाय देतो पण आपलं वजन धरणाऱ्यावर टाकतो, किंवा मध्येच झटका मारून काढून घेतो. आणि मार खाऊन शिकलेला पाय देतो खरा, पण कान मागे, शेपूट दाबलेली, श्वास रोखलेला. तिघेही पाय देतातच, फरक बाकीच्या शरीरात दिसतो.

हे शिकवायचं कसं तेही सांगतो, म्हणजे ते गृहस्थ दिवसभर नेमकं काय करत होते याचा तुम्हाला अंदाज येईल. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ट्रेनर घोड्याला काहीतरी करायला लावतो. आमचं बरंचसं काम असतं सोडण्याचं. लगामाचा किंवा हाताचा हलका दाब द्यायचा, घोड्याने बरोबर दिशेला जरासा, म्हणजे अगदी कान हलवण्याइतका प्रयत्न केला की त्या क्षणी दाब काढून घ्यायचा. दाब कधी सुटला यावरून घोडा शिकतो. सेकंदभर उशीर झाला तर तो भलतंच शिकून बसतो, डोकं वर झटकलं की दाब जातो असं एकदा त्याला कळलं की पुढच्या वेळी तो डोकंच झटकणार. पाय उचलायला शिकवतानाही तेच, पहिल्या दिवशी पाय जमिनीवरून सुटला ना सुटला की आपणच आधी खाली ठेवायचा, घोड्याने हिसका द्यायच्या आत. त्याने हिसका दिल्यावर सोडला तर हिसका दिला की पाय सुटतो हा धडा आपणच त्याला दिलेला असतो, तो काढायला मग महिने जातात. ज्यांच्याबद्दल लोक ‘हात हलका होता’ म्हणतात ना, त्यांच्यात बहुतेक वेळा हेच असतं, वेळेवर सोडता येणं. तुमच्या भाषणात ‘त्यांच्या हातात जादू होती’ म्हणण्याऐवजी हे एवढं जरी आलं तरी घोड्यातली माणसं मान डोलावतील आणि बाकीच्यांनाही पहिल्यांदा कळेल की ते काय करायचे.

माझे एक गुरू होते, त्यांची एक घोडी ट्रेलरमध्ये, म्हणजे घोडे न्यायच्या गाडीत, चढायची नाही. आदल्या मालकाने दोर बांधून, मागून काठ्या मारून तिला चढवायचा प्रयत्न केला होता आणि ती ट्रेलरच्या फळीवर उलटली होती, तेव्हापासून ट्रेलर दिसला तरी घामाघूम. गुरुजींनी ट्रेलर आवारात उभा करून ठेवला, फळी खाली सोडली आणि स्वतः फळीच्या कडेला बसून लगामाचं चामडं शिवायला घेतलं. घोडीच्या गळ्यात लांब दोर, दोर सैल. ती लांब उभी राहिली, फुरफुरली, मग मान लांब करून फळीचा वास घेतला. वास घेतला की हे तिला घेऊन उलटे लांब चालायला लागायचे! म्हणजे जिथून तिला पळायचं होतं तिथून हेच तिला बाहेर काढत होते. परत आणायचे, परत वास, परत लांब. मग एक खूर फळीवर, टप असा आवाज झाला, ती दचकली, यांनी मान वर करून बघितलंही नाही, शिवण चालू. आम्ही पोरं कुंपणावर बसून कंटाळलो होतो. काही दिवसांनी ती घोडी दोर जमिनीवर पडलेला असताना स्वतःहून आत जाऊन उभी राहिली, आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली तर आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीला बोलावून म्हणाले, आता तू चढव. घोडी चढली. मग दुसऱ्या पोराला. ज्याने त्याने तिला चढवल्यावरच काम झालं म्हणून ते उठले.

असा एखादा प्रसंग तुमच्या माणसाचाही कुणाकडे तरी असणारच, तो शोधा. विचारताना ‘ते कसे होते’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘देवमाणूस’ हेच येतं आणि पुढे काही सुचत नाही. विचारा, सकाळी आल्यावर आधी कुठे जायचे, घोडा बुजला तर तोंडातून काय आवाज काढायचे, तुमच्यावर कधी चिडले होते का आणि कशावरून, कुठलं काम दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. नालबंदाला तर नक्की गाठा. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तो प्रत्येक घोड्याचे खूर हातात घेतो, कुठल्या घोड्याला घाई झाली होती, कुठल्याला दुखत असताना विश्रांती मिळाली, हे खूर बघून आणि पाय धरून त्याला कळलेलं असतं. ट्रेनरबद्दल इतका खरा साक्षीदार दुसरा नाही.

जुने व्हिडिओ असतील तर सगळ्यांच्या फोनमधले आत्ताच गोळा करा, नंतर फोन बदलतात आणि सगळं जातं. आणि ते बघताना आवाज बंद करा, घोड्याकडे न बघता माणसाकडे बघा. हे मी का सांगतोय, तर शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा होता, तो खूर आपटून गणितं सोडवतो म्हणून प्रसिद्ध होता. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की घोड्याला गणित येत नव्हतं, बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान आणि अंग नकळत किंचित हलायचं आणि घोडा तेवढ्यावर थांबायचा. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल तर हान्सला यायचं नाही. लोक याला घोड्याचं पितळ उघडं पडल्याची गोष्ट म्हणून सांगतात, मला मात्र ती घोड्याच्या नजरेची थोरवी वाटते, आजूबाजूच्या विद्वानांना जे दिसलं नाही ते त्याला दिसत होतं. आमच्यासारख्यांचं सगळं काम याच नजरेवर चालतं. म्हणून व्हिडिओत त्यांचे खांदे बघा, घोडा थांबवायच्या आधी ते श्वास कधी सोडतात, कंबर कधी सैल करतात, कुठल्या पायावर वजन देतात ते बघा. बऱ्याचदा स्वतः ट्रेनरलाही हे सांगता येत नाही, त्यामुळे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलंही नसतं, व्हिडिओत मात्र ते सापडतं. त्यांच्या हाताखालच्या पोरांना शेजारी बसवून बघा, ती थांबवून थांबवून सांगतील की बघा आत्ता, आत्ता सोडला.

आता घोड्यांचं. तुम्ही विचारलं नाहीत पण सांगणं भाग आहे, कारण भाषण चार दिवस उशिरा झालं तरी चालेल, हे नाही चालणार. माणूस गेल्यावर घरात गर्दी होते, येणारा प्रत्येक जण तबेल्यात डोकावतो आणि मायेने काहीतरी खायला घालतो, कुणी मूठभर दाणा, कुणी गाजर, कुणी ब्रेड. घोड्याला उलटी करता येत नाही आणि त्याचं पोट शरीराच्या मानाने फार लहान असतं, 8 ते 15 लिटरचं, खरं पचन पुढे मोठ्या आतड्यात तिथल्या जंतूंमार्फत चालतं आणि त्या जंतूंना अचानक बदल सोसत नाही. पोटशूळ उठतो आणि चांगला धडधाकट घोडा एका रात्रीत जातो. म्हणून तबेल्याच्या दारावर पाटीच लावा, खायला घालू नये. जो वैरण घालायचा त्यानेच घालायची, त्याच वेळेला, तेवढीच. खुराक बदलायचाच असेल तर आठ दहा दिवस घेऊन थोडा थोडा बदलायचा. घोडा सारखा कुशीकडे वळून बघतोय, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, लोळतोय, लीद टाकलेली नाही, असं काही दिसलं तर सभा असो नाहीतर काही असो, आधी डॉक्टर.

आणि तबेल्यात काम करणाऱ्यांना समोर बसवून प्रत्येक घोड्याचं एकेक पान लिहून घ्या. तोंडात कुठला लगाम, खोगीर कुठलं, कुठल्या बाजूने बुजतो, कुठला पाय हळवा, दातांच्या वाढलेल्या कडा शेवटच्या कधी घासून घेतल्या, धनुर्वाताची लस कधी दिली, चालायला सांगायचा आवाज कोणता आणि थांबायचा कोणता. घोड्याला शब्दाचा अर्थ कळत नाही, त्याला तो ठरावीक आवाज आणि त्यासोबतची हालचाल माहीत असते, नवीन माणूस दुसराच आवाज काढून वर घोड्याला अडेल म्हणतो, असं फार बघितलंय. अर्धवट शिकवलेली तरुण जनावरं असतील तर काही दिवस त्यांचं शिक्षण थांबवा, नुसतं फिरवणं आणि खरारा चालू ठेवा, मग जो नवीन ट्रेनर येईल त्याने अगदी पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी. घोडा येत असलेल्या गोष्टी भराभर करून दाखवतो आणि अडलं कुठे तेही कळतं. शोकाच्या भरात घोडे विकू नका आणि वाटूही नका. ‘त्यांची आठवण म्हणून एक मला द्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतील, मनाने चांगले असतील, पण घोडा पंचवीस तीस वर्षं जगतो आणि आठवणीचा उमाळा तितका टिकत नाही.

त्यांचा आवडता घोडा अंत्ययात्रेत किंवा सभेला आणायचा का हाही प्रश्न निघतोच. रिकाम्या खोगीराचा घोडा, रिकिबीत उलटे घातलेले बूट, ही लष्करातली जुनी पद्धत आहे आणि दिसायला ती काळजाला भिडते यात शंका नाही. पण 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या अंत्ययात्रेत जो ब्लॅक जॅक नावाचा घोडा होता, तो लष्कराच्या अशाच समारंभांसाठीचा होता, तरी सगळा वेळ तो नाचत होता, धरणाऱ्या सैनिकाला त्याला आवरताना नाकी नऊ आले. मग तुमचा घोडा, ज्याने एवढी गर्दी, माईक, रडण्याचे आवाज कधी ऐकले नाहीत, त्याचं काय होईल. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये घोड्यांना माणसांच्या रागावलेल्या आणि हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले, तर रागीट चेहरा बघताना त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. नुसत्या फोटोवर ही गत. माझं मत विचाराल तर घोड्याला त्याच्या जागेवरच राहू द्या, सभेत त्याचा एक चांगला फोटो ठेवा.

घोड्याला ते गेल्याचं कळतं का, असं लोक मला हळूच विचारतात. घोडा ओळखीच्या माणसाला चेहऱ्यावरून आणि आवाजावरून ओळखतो हे नक्की. फ्रान्समध्ये 2010 च्या सुमारास एक अभ्यास झाला, खाऊचं बक्षीस देऊन शिकवलेल्या घोड्यांना काही महिने ट्रेनरपासून लांब ठेवलं, तरी ते शिकलेलं विसरले नाहीत आणि माणसाजवळ जास्त ओढीने आले. ठरलेल्या वेळी ठरलेला माणूस आला नाही की तो दाराकडे कान लावून उभा राहतो, खाणं कमी करतो, हे मी स्वतः बघितलंय. त्याला मरण समजतं असं मात्र मी सभेत म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. तो वाट बघतो, एवढं खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

भाषणात घोड्यांची नावं घ्या. हे माझं अगदी ठाम सांगणं आहे. जॉन रेरी म्हणून अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ग्रोव्हपोर्ट या छोट्या गावचा घोडे शिकवणारा होता, 1858 मध्ये इंग्लंडच्या राणीसमोर त्याने कसब दाखवलं, आणि तिथलाच क्रूझर नावाचा एक घोडा, जो इतका मारका होता की त्याच्या तोंडाला लोखंडी जाळी घालून ठेवायचे, तो त्याने काबूत आणला आणि पुढे आपल्याबरोबर गावी नेला. रेरी 1866 मध्ये गेला, जेमतेम अडतिसाव्या वर्षी. क्रूझर त्याच्यामागे नऊ वर्षं जगला. आजही त्या गावच्या शाळेचे खेळाडूंचे संघ क्रूझर्स नावाने खेळतात. गावाने आठवण ठेवली ती घोड्याच्या नावाने. तुमच्या गावातही पन्नाशीतली माणसं असतील ज्यांना लहानपणी बसलेल्या घोड्याचं नाव अजून आठवत असेल, सभेत ते नाव नुसतं उच्चारलं तरी मागच्या रांगेतून कुणीतरी बोलायला उठतं.

रेरीवरूनच आणखी एक अवघड विषय निघतो. त्याची पद्धत अशी होती की घोड्याचा पुढचा एक पाय पट्ट्याने दुमडून बांधायचा, घोडा थकून आडवा होईपर्यंत धरून ठेवायचं, मग अंगभर हात फिरवायचा. त्या काळात ती दयाळू पद्धत मानली गेली, कारण तेव्हा सरळ मारायचेच. आज आम्ही तसं करत नाही, कारण असा शांत झालेला घोडा निवांत असतोच असं नाही, पुष्कळदा त्याने नुसती हार मानलेली असते, आणि ते हात कितीही प्रेमळ असले तरी घोड्याला सुटायला वाव नव्हता. तुमचे गृहस्थ ज्येष्ठ होते म्हणजे त्यांनीही तरुणपणी कडक पद्धती शिकल्या असणार, तोंड कापणारे लगाम, चाबूक, उन्हात बांधून ठेवणं. कुणी जुना माणूस तुम्हाला हे सांगेल. लपवू नका, पण पुढे विचारा की मग त्यांनी ते कधी सोडलं, कशामुळे सोडलं. साठीच्या पुढचा माणूस जर नव्या पोरांचं बघून, डॉक्टरचं ऐकून आपली पद्धत बदलत असेल तर माझ्या लेखी ती त्यांच्या सगळ्या कपांपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती सांगायची तर आधी ते काय करायचे तेही सांगावं लागतं. आणि त्यांनी बदललं नसेल तर तेवढा भाग वगळून बाकीचं खरं खरं बोला, उगाच ‘त्यांनी कधी घोड्यावर हात उगारला नाही’ म्हणू नका, सभेत ते बघितलेली माणसं बसलेली असतात.

आता गावाच्या कामाबद्दल. इथे ‘जसे घोडे सांभाळले तशीच माणसं सांभाळली’ हे वाक्य तुमच्या मनात आलंच असेल. मला ते पटत नाही. घोड्याला नाही म्हणायचा हक्क आम्ही फार थोडा देतो, तो बैठकीत उठून हिशोब मागत नाही, पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याला मत देत नाही. गावातली माणसं हे सगळं करतात, आणि लहान गावात तर ज्याच्याशी रात्री बैठकीत भांडलात त्याच्याच दुकानात सकाळी जावं लागतं. ज्याने वर्षानुवर्षं तिथे काम केलं त्याने घोड्यांपेक्षा कितीतरी अवघड काम केलं, त्याला घोड्यांची उपमा देऊन छोटं का करायचं.

त्यापेक्षा तबेल्यात केलं तेच इथे करा, ते नाहीत आणि काय चालू आहे ते बघा. लहान गावात एकाच माणसाकडे किती गोष्टी असतात याची यादी कुणी कधी केलेली नसते, ती तो गेल्यावर कळायला लागते. हॉलची किल्ली त्यांच्याकडे, मैदानाच्या दिव्यांचं बिल ते भरायचे, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते त्यांना माहीत, पूर आला तर कुणाच्या घरी आधी जायचं, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचा मुलगा परगावी आहे हे सगळं त्यांच्या डोक्यात. यातलं जे आता अडलंय ते त्यांनी एकट्याने उचललेलं ओझं, त्याचा मान ठेवा आणि ते कुणीतरी उचलायला पाहिजे हेही सभेतच स्पष्ट बोला. पण जे अडलं नाही तिकडे जास्त बघा. शनिवारी मुलांचा घोडेस्वारीचा वर्ग कुणी न सांगता भरला का? हिशोबाची वही दुसऱ्या कुणाच्या अक्षरात लिहिलेली आहे का, म्हणजे त्यांनी आधीच कुणाला शिकवून ठेवलं होतं का? माझ्या ओळखीच्या एका ट्रेनरच्या मागे त्यांच्या समितीची वही उघडली तर शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी एका कॉलेजातल्या मुलीच्या अक्षरात होत्या, प्रत्येक पानाखाली यांची फक्त छोटी सही, आणि सुरुवातीच्या पानांवर तिच्या बेरजा यांनी पेन्सिलने तपासलेल्या, पुढे पुढे ते तपासणंही बंद झालेलं. मी सभेत ती वही दाखवली, बाकी काही बोलायची गरज पडली नाही.

शिष्यांना बोलू द्या, पण प्रत्येकाला एकच विषय द्या, त्यांनी तुला पहिलं काम काय दिलं होतं. लीद उचलायचं, पाण्याच्या बादल्या घासायच्या, चामड्याला तेल लावायचं, अशी उत्तरं येतील आणि त्यातून त्यांची शिकवायची पद्धत आपोआप उभी राहील. घोड्यांच्या जगात ज्ञान असंच पुढे जातं. टॉम डॉरन्स, 1910 ते 2003, अमेरिकेतले गुरांमागे आयुष्य काढलेले शांत गृहस्थ, स्वतःची जाहिरात कधी केली नाही, पण रे हंट त्यांच्याकडून शिकले आणि पुढे जिथे जिथे शिकवायला गेले तिथे त्यांचं नाव घेत राहिले, म्हणून आज जगभरातल्या घोडेवाल्यांना डॉरन्स माहीत आहेत. हे रे हंट म्हणे मैदानात उतरल्यावर आधीच सांगायचे की मी इथे घोड्याच्या बाजूने आलोय. तुमच्या गावातल्या पोरांनी आपण कुणाकडून शिकलो ते असंच बोलत राहिलं तर स्मारकाच्या चौथऱ्याचा खर्च करायची गरज नाही, आणि पैसे जमलेच असतील तर ते त्यांच्या म्हाताऱ्या घोड्यांच्या वैरणीला, डॉक्टरला आणि एखाद्या गरीब मुलाच्या शिकण्याला लावा. मी अशा ठिकाणी पुतळ्याच्या विरुद्ध कायम बोलत आलोय आणि पुढेही बोलेन.

भाषण लिहून झालं की दोघांना आधी वाचून दाखवा, एक त्यांच्या घरातलं जवळचं माणूस आणि एक तबेल्यातला सगळ्यात जुना माणूस. घरचे सांगतील कुठलं बोलू नये, तबेल्यातला सांगेल कुठलं चुकलंय, घोड्याचा रंग, चाल, नाव, यात चूक झाली तर लोकांचा बाकीच्यावरचाही विश्वास उडतो. दहा मिनिटांच्या वर बोलू नका. सभा तबेल्याजवळच्या मैदानात ठेवत असाल तर स्पीकरची तोंडं तबेल्याच्या उलट दिशेला करा, माईकची चाचणी घोडे बाहेर फिरायला गेले असताना उरकून घ्या, आणि पूर्ण कार्यक्रमभर आत कोण थांबणार ते नाव आदल्या दिवशीच ठरवा, त्या माणसाला भाषण नंतर घरी बसून वाचायला द्या.